विद्यापीठाच्या पाहुण्यांचा सत्कार : शाळेने काय काय तयार ठेवायचं

विद्यापीठातली जी मंडळी शाळाशाळांत येऊन परिसराचा इतिहास आणि पुरातत्त्व शिकवतात, त्यांचा सत्कार करायचं बोरिवली-दहिसरकडच्या आम्हा काही इतिहास शिक्षकांनी ठरवलं आहे. इतर शाळांनाही उपयोग व्हावा म्हणून तयारी लिहून काढतो. शाल-श्रीफळ होईलच. पण या लोकांनी आमच्या मुलांना दगड वाचायला शिकवलं. मुलांनी काय वाचलं, ते त्यांना त्या दिवशी दिसलं पाहिजे. तयारीचा बहुतेक वेळ त्यासाठीच राखून ठेवावा.

तारीख आधी पक्की करा. 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी बहुधा आटोपलेली असते, पाऊसही थांबलेला असतो. रविवार शक्यतो नको, शाळेचा दिवसच धरा, म्हणजे ज्या वर्गांना शिकवलं ते वर्ग समोर बसतील. पाहुण्यांबरोबर कान्हेरी लेण्यांची फेरी जोडणार असाल तर सोमवार टाळा, ही लेणी ज्यात आहेत ते राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असतं. पालकांची संमतीपत्रं निमंत्रणाबरोबरच पाठवून द्या.

नावांची यादी विभागाकडून लेखी मागवा. विभागप्रमुखांचं नाव कोणी विसरत नाही. सुटतात ते संशोधक विद्यार्थी, जे प्रत्यक्ष वर्गावर उभे राहतात, खडूने मातीचे थर काढून दाखवतात आणि मुलांच्या पन्नास शंकांना उत्तरं देतात. त्यांची खुर्ची मंचावरच हवी. गावठाणातल्या ज्या आजी-आजोबांनी मुलांना जुन्या विहिरी आणि देवळांच्या जागा सांगितल्या, त्यांनाही घरी जाऊन आमंत्रण द्या.

मानपत्र हे सगळ्यात नाजूक काम. ‘अमूल्य योगदान’, ‘मोलाचे मार्गदर्शन’ असले शब्द कोणाच्याही मानपत्रात चालतात, म्हणून इथे नकोत. मुलांना विचारा, काय आठवतं? कोणी म्हणेल, कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षूंनी पाणी साठवण्यासाठी पोढ्या, म्हणजे खडकातली टाकी, खोदल्या हे कळलं. कोणी सांगेल, तिथेच 90 क्रमांकाच्या लेण्यात पारशी प्रवाशांनी 1009 आणि 1021 साली पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत, लेख कोरून ठेवले आहेत. मंडपेश्वरच्या शैव लेण्यात पोर्तुगीज काळात कोरलेला क्रूस पाहून एखादीला पडलेला प्रश्नही जसाच्या तसा लिहा. मुलांची अशी चार वाक्यं जुळवली की मानपत्र उभं राहतं. वाचायलाही मुलांपैकीच कोणाला तरी द्या आणि सराव करून घ्या, ‘शिलाहार’सारखी जुन्या राजघराण्यांची नावं ऐनवेळी अडखळवतात.

प्रदर्शनासाठी एकच विषय निवडून तो खोलवर मांडावा, असं माझं आग्रहाचं मत आहे. आमच्या भागात एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेले कोरीव दगड, आहेत. त्यांवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रातली लढाई कोरलेली आहे, आणि आपली मुलं त्यांच्याजवळून रोज क्लासला जातात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : तळाशी लढाई आणि मरण, मधे वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य. तेव्हा तक्ताही उभाच करा, चौकटी खालून वर लावा आणि प्रत्येक चौकटीपाशी समजावून सांगायला एक मूल उभं करा. परळकडच्या शाळांनी तिथल्या बारादेवी मंदिरातली शिवमूर्ती घ्यावी. ती 1931 मध्ये रस्त्याच्या कामात सापडली, आणि जमिनीखाली काय दडलेलं असतं हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मुंबईत मिळणार नाही. दक्षिण मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर रोमन आकड्यांत सांगणारे मैलाचे दगड आहेतच.

हे करताना मुलांना दोन गोष्टी पुन्हा बजावा. झिजलेलं कोरीवकाम नीट दिसावं म्हणून त्यावर खडू, तेल किंवा पाणी लावायचं नाही. बाजूने तिरपा बॅटरीचा उजेड टाकला की रेषा उठून दिसतात, फोटोही त्याच उजेडात काढावा. आणि लेण्यांच्या आवारात सापडलेलं खापर उचलून आणायचं नाही. जिथे सापडलं ती जागा सुटली की त्या खापराचं बोलणंच बंद होतं. टेबलावर ठेवायला विद्यापीठाकडे अभ्यासाचे नमुने असतील तर मागून घ्या, नाहीतर चित्रं पुरेत.

बॅनर छापायला देण्यापूर्वी दोघांनी तपासा, ‘पुरातत्त्व’मधला एक त हमखास गळतो. माईक आदल्या संध्याकाळी लावून बघा. भाषणं दोनच ठेवा आणि पाहुण्यांना मुलांशी बोलायला निवांत वेळ सोडा. चहा-नाश्ता प्रदर्शनाच्या खोलीतच ठेवा, म्हणजे मंडळी तिथेच रेंगाळतात.

भेटवस्तूंवर फार खर्च करू नये. त्याऐवजी मुख्याध्यापकांकडून एक पत्र तयार करून घ्या : पुढच्या वर्षी या उपक्रमाला वेळापत्रकात कोणत्या इयत्तेची, कोणत्या वारी, कितवी तासिका मिळेल आणि क्षेत्रभेटीच्या बसचा खर्च कोण उचलेल, याचा त्यात स्पष्ट उल्लेख हवा. दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास आहेच, त्यामुळे तासिका कुठे बसवायची ही अडचण सांगायला फारशी जागा नाही. पत्रावर सही-शिक्का कार्यक्रमाच्या आधीच घ्या आणि ते मानपत्राबरोबर मंचावर द्या. मुलांच्या चित्रांच्या आणि फोटोंच्या प्रती, मागे जागा आणि तारीख लिहून, त्याच लिफाफ्यात घाला.