'किती इंची?' हा प्रश्न शेवटी: कामाला योग्य व्हॉल्व्ह कसा निवडावा

सोलापुरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि 'व्हॉल्व्ह द्या' म्हणा, काउंटरवरून एकच प्रश्न येतो: 'किती इंची?' आपण 'दीड इंची' म्हणतो, पोरगा माळ्यावरून खोकं काढतो, तीन मिनिटांत बिल होतं. मी वीस-बावीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या डाईंगांमध्ये पाईप, पंप आणि बॉयलर सांभाळतोय. पुढं वर्षभर जी गळती आपण निस्तरत बसतो, त्यातली बरीचशी या तीन मिनिटांत विकत घेतलेली असते.

लाईन बंद करून, दाब उतरवून, पाईप थंड झाल्याशिवाय पाना लावायचा नाही, हे वेगळं सांगावं लागत असेल तर लेख इथंच मिटा आणि फिटरला बोलवा.

१. पाईपात काय आहे ते लिहा

पाणी, स्टीम, हवा, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) की पेरॉक्साइड. दाब किती, तापमान किती. एवढं एका चिठ्ठीवर पुरतं. स्टीमचं तापमान अंदाजानं लिहू नका. बॉयलरच्या गेजवर ७ किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो) दाब दिसत असेल, तर आतली वाफ साधारण १७० अंश सेल्सिअसची असते. 'उकळतं पाणी म्हणजे १००' हा शाळेतला हिशोब इथं चालत नाही.

२. बंद-चालू करायचंय की कमी-जास्त?

इथं मी स्वतः दोनदा आपटलोय, म्हणून जरा थांबून सांगतो.

नवीन होतो तेव्हा टॉवेल रंगवायच्या एका टाकीच्या स्टीम लाईनवर मी दोन इंची गेट व्हॉल्व्ह बसवला. स्टोअरमध्ये पडून होता, आणि गेटमधून प्रवाहाला अडथळा होत नाही हे पुस्तकात वाचलेलं. मशीनवाल्याला टाकी हळूहळू तापवायची असायची, म्हणून तो चाक जेमतेम अर्धा फेरा फिरवून ठेवायचा. व्हॉल्व्ह दिवसभर गुणगुणायचा. मला वाटायचं, स्टीमचा आवाज आहे, असणारच. तीन महिन्यांत तो बंद होईना. चाक गच्च आवळलं तरी वाफ आत जातच राहायची. आमच्याकडं याला 'पास करतोय' म्हणतात. रात्री बंद ठेवलेली टाकी सकाळी गरम सापडली आणि त्या लॉटची शेड, म्हणजे रंगाची छटा, बिघडली. मालकाच्या शिव्या खाऊन मी व्हॉल्व्ह बदलला. परत गेटच बसवला, कारण चूक व्हॉल्व्हच्या कंपनीची आहे असं मी ठरवून टाकलं होतं. पावसाळा संपायच्या आत तोही पास करायला लागला.

तेव्हा आमच्यातले एक जुने फिटर होते, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी दोन्ही गेट खोलून वर्तमानपत्रावर ठेवले. आतल्या पाचरीच्या खालच्या कडेवर आणि सीटवर, म्हणजे पाचर जिथं टेकून बसते त्या कडेवर, सुरीनं कापल्यासारख्या बारीक चिरा. म्हणाले, ''दार किलकिलं ठेवून वारं अडवतो काय बे? हे दार आहे, नळ नाही.''

त्यानंतर हा फरक मी कधी विसरलो नाही. गेट व्हॉल्व्हमध्ये एक पाचर प्रवाहाच्या आडवी खाली उतरते. पूर्ण वर असली की पाईप मोकळा, पूर्ण खाली असली की बंद. मधे अडकवून ठेवली की खाली चंद्रकोरीएवढी फट उरते, सगळी वाफ त्या फटीतून प्रचंड वेगानं जाते, आणि वाफेतले पाण्याचे थेंब धातू अक्षरशः कापतात. पाचर नुसती स्पिंडलवर, म्हणजे चाकाच्या दांड्यावर, लोंबकळत असते, म्हणून ती थरथरते. तेच ते गुणगुणणं. शिवाय गेट थोडा उचलला की बराचसा प्रवाह लगेच सुटतो, पुढच्या फेऱ्यांनी फारसा फरक पडत नाही. म्हणजे टाकीचं तापमान हळूहळू वाढवायला तो मुळातच निकामी.

गेटची खरी जागा बघायची असेल तर आपल्याच गल्लीत बघा. पाण्याच्या दिवशी चावीवाला रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढून लांब चावी घालतो आणि फेऱ्यावर फेरे फिरवत 'चावी सोडतो'. तिथं आत गेटच असतो, पाणीपुरवठ्यातले लोक त्याला स्लुइस व्हॉल्व्ह म्हणतात. सोडला की पूर्ण, बंद केला की पूर्ण. आणि तो हळू उघडतो, हा त्याचा दोष समजू नका. मोठ्या लाईनीत पाणी एकदम सोडलं किंवा एकदम तोडलं की पाईपात हातोडा बसल्यासारखा दणका येतो.

कमी-जास्त करायचं असेल तर ग्लोब व्हॉल्व्ह. त्यात चकती सीटवर वरून समोरासमोर बसते, प्रवाहाला आत वळण घ्यावं लागतं, म्हणून दाब थोडा खर्च होतो. ती किंमत मोजायची. चाक जेवढं फिरवाल त्या बेतानं प्रवाह बदलतो. अंगावर बाण असतो, तो प्रवाहाच्या दिशेनं हवा. बाण उलटा बसवलेले ग्लोब मी इतके बघितलेत की आता कुठल्याही नव्या प्लांटमध्ये गेलो की आधी बाणच बघतो. आडव्या स्टीम लाईनवर शक्यतो स्पिंडल बाजूला वळवून बसवा. चाक वर आलं की दिसायला बरं दिसतं, पण आतल्या उंबऱ्यामागं पाणी साचून राहतं.

बॉल व्हॉल्व्हचं आजकाल फार कौतुक आहे, आणि बंद-चालूसाठी ते रास्तही आहे. पाव फेऱ्यात बंद, दांडा पाईपाला समांतर म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद, लांबून कळतं. पण 'अर्धा उघडा ठेवला की भागतंय' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत टेफ्लॉनच्या मऊ कड्या असतात, अर्धवट प्रवाहानं त्या एका बाजूनं खरवडल्या जातात. पाण्याच्या लांब लाईनीवर बॉल खटकन मिटायचा नाही, दणका त्यालाही आहेच.

बटरफ्लाय मोठ्या मापांसाठी: कूलिंग टॉवर, फिल्टर प्लांट, सहा-आठ इंची पाण्याच्या लाईनी. जागा कमी खातो, वजनाला हलका. मधल्या पट्ट्यात थोडंफार नियंत्रणही करतो, अगदी मिटत आल्यावर नाही.

त्या टाकीवर अखेर मी दोन व्हॉल्व्ह बसवले. आधी एक बंद-चालूचा, त्याच्या पुढं ग्लोब. पाळी संपली की पहिला बंद, तापमान धरायला दुसरा. मालक म्हणाले, ''एकाच्या जागी दोन कशाला?'' मी त्यांच्यापुढं ते दोन चिरलेले गेट ठेवले.

३. उलटं येऊ नये म्हणून

नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, सगळ्यांच्या तोंडी एनआरव्ही. बिजागरीवर झुलणाऱ्या झडपेचा प्रकार आडव्या लाईनीत चालतो. उभ्या लाईनीत फक्त प्रवाह खालून वर जात असेल तर. वर उचलणाऱ्या चकतीचा प्रकार आडव्या लाईनीतच. पंपानंतर आधी एनआरव्ही आणि मग गेट, हा क्रम मोडू नका. गेट पुढं असला की तो मिटून एनआरव्ही खोलता येतो; उलटा क्रम ठेवलात तर एका स्प्रिंगसाठी सगळी टाकी रिकामी करावी लागते. बॉयलरच्या फीड पंपाला (बॉयलरात पाणी ढकलणारा तो) पंप बंद असताना हात लांबूनच धरून बघा. पंपाचं अंग तापलेलं असेल तर एनआरव्ही धरत नाही आणि बॉयलरचं पाणी मागं येतंय. सम्पमधल्या (जमिनीखालच्या टाकीतल्या) सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या पाईपाला, फूट व्हॉल्व्ह लागतो, तोही एनआरव्हीच, फक्त खाली चाळणी असलेला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे, की चाळणी वर्षातून दोनदा तरी काढून धुवावी लागते.

४. सेफ्टी व्हॉल्व्ह

याची निवड तुम्ही-मी करायची नाही. सेट दाब ठरलेला असतो, ठरवणारा माणूस वेगळा असतो. मात्र बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामधे कुठलाही बंद होणारा व्हॉल्व्ह कधीच नको, आणि सारखा फुसफुसतोय म्हणून स्प्रिंग आवळणं किंवा दांड्याला तार बांधणं म्हणजे गुन्हाच. मी अशी तार बघितल्यावर पाळी मधेच थांबवून बॉयलर उतरवायला लावलाय, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

३.५ किलोच्या वर दाब असलेली स्टीम लाईन बॉयलर कायद्याखाली येते. तिच्यावरचा व्हॉल्व्ह आयबीआरचा (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे बनवलेला) हवा आणि बिलासोबत 'फॉर्म ३-सी' हे प्रमाणपत्र हवं. 'माल तोच आहे साहेब, फक्त कागद नाही' असं कुणी म्हणालं तर दुकान बदला.

५. धातू आणि सीट

थंड पाण्याला गनमेटल उत्तम. पितळ स्वस्त पडतं, पण खराब पाण्यात त्यातलं जस्त झिजून ते ठिसूळ होतं. कॉस्टिकच्या लाईनीवर पितळ लावूच नका, स्टेनलेस स्टील घ्या. बिडाचा व्हॉल्व्ह पाण्याला ठीक. स्टीम लाईनीत पाण्याचा दणका बसला की बीड वाकत नाही, सरळ तडकतं, म्हणून तिथं मी स्टीलच घेतो. बटरफ्लायच्या रबराचं तापमान विचारून घ्या. ईपीडीएम साधारण १२० अंशांपर्यंत तग धरतं, नायट्राइल ८०च्या आसपास दम सोडतं.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. ब्लीचिंगच्या पेरॉक्साइडवर साधा बॉल व्हॉल्व्ह लावायचा नाही. बंद करताना गोळ्याच्या पोकळीत थोडं पेरॉक्साइड कोंडलं जातं, ते विघटत राहतं, त्यातून ऑक्सिजन सुटतो आणि त्या वायूला बाहेर पडायला वाट नसते. व्हॉल्व्ह फुटू शकतो. गोळ्याला दाबाच्या बाजूनं बारीक भोक असलेला खास व्हॉल्व्ह मिळतो, तोच मागा.

६. आता इंच

बंद-चालूचा व्हॉल्व्ह पाईपाच्या मापाचा. कमी-जास्त करायचा मात्र बऱ्याचदा पाईपापेक्षा एक माप लहान लागतो. मोठा घेतलात तर तो कायम मिटत आलेल्या अवस्थेत काम करणार, आणि मग ग्लोबच्या सीटलाही त्याच चिरा पडणार. माझ्या त्या टाकीवरचा ग्लोब दीड इंची आहे, पाईप दोन इंची. एनबीमध्ये (नॉमिनल बोअर, म्हणजे मिलिमीटरमधलं नावापुरतं माप) मागणार असाल तर २५ म्हणजे एक इंच, ४० म्हणजे दीड, ५० म्हणजे दोन.

७. बसवताना

वेल्डिंग झाल्यावर आधी लाईन धुवून घ्या. वेल्डिंगचा एक खडा नव्या सीटचं वाटोळं करतो. बटरफ्लाय मधे धरून फ्लँज वेल्ड करू नका, रबर जळतं. त्याला वेगळं गास्केट लागत नाही. चकती थोडी किलकिली ठेवून बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, मग ती पूर्ण फिरते का बघा, पाईपाच्या कडेला अडायला नको. ग्लँडमधून, म्हणजे स्पिंडल बाहेर येतो तिथल्या पॅकिंगच्या जागेतून, वाफ आली तर नट पाव-पाव फेराच आवळायचा, दोन्ही बाजू सारख्या. थांबत नसेल तर पॅकिंग बदला, तेही लाईन थंड झाल्यावर, ग्राफाइटचं.

गेट पूर्ण उघडला की चाक अर्धा फेरा मागं घेऊन ठेवा. नाहीतर रात्रपाळीचा माणूस चाक हलत नाही म्हणजे बंदच असणार असं समजतो, उघडायला पाईप पाना लावतो आणि स्पिंडल मोडतो.