धाकट्याला दात येताना थोरल्याचं काय करायचं

संध्याकाळी पाच ते सात हे दोन तास सगळ्यात अवघड. बाळाच्या हिरड्या दिवसभर शिवशिवत असतात, पण ते दमलं की किरकिर वाढते. नेमकं तेव्हाच तीन-चार वर्षांचं थोरलंही दमून-भुकेजून मांडीत घुसू पाहतं. त्या वेळी उपाय शोधत बसलात तर दोघंही भोकाड पसरतात. म्हणून तयारी दुपारीच उरकून ठेवायची.

साधारण हातरुमालाएवढे चार सुती रुमाल घ्या. जरा खरखरीत, टॉवेलच्या कापडाचे असले तर उत्तम, कारण त्याने हिरडी चांगली चोळली जाते. सुटलेले दोरे कापून टाका. रुमाल पाण्यात भिजवून घट्ट पिळा, पीळ देऊन मध्ये एक मोठी गाठ मारा आणि झाकणाच्या स्वच्छ डब्यात घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको. गोठून कडक झालेल्या कापडाने हिरडीला इजा होते, ओठाची कातडीही चिकटते. गाठ बाळाच्या मुठीत मावण्याइतकी लहान नको, नाहीतर ती घशाकडे जाते. दहा-पंधरा मिनिटांत रुमाल कोमट होतो, मग दुसरा काढायचा. वापरलेला साबणाने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय परत डब्यात टाकू नका. बाळ रुमाल चघळत असताना कोणीतरी मोठं माणूस समोर हवंच.

रुमाल नको असेल तेव्हा बोट. नख कापलेलं, हात धुतलेला. तर्जनीने हिरडीवर हलका दाब देत मागून पुढे, एक-दोन मिनिटं. बाळ आधी तोंड वाकडं करतं आणि मग स्वतःच बोटावर हिरडी दाबायला लागतं. तसं झालं की दाब बरोबर आहे. टीदर (हिरड्यांनी चघळायचं खेळणं) घ्यायचा तर एकसंध रबराचा किंवा सिलिकॉनचा घ्या. आत द्रव भरलेला दातांनी फुटू शकतो. कोणताही टीदर दोरीने गळ्यात कधीच अडकवू नका. दात येण्यासाठी म्हणून विकतात त्या मण्यांच्या माळाही नकोत. गळ्याला फास बसतो, तुटली तर मणी घशात जातो. बधिर करणारी जेलही टाळा. बेन्झोकेन असलेली औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये बजावलं आहे. या औषधांमुळे क्वचित, पण रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून जिवावर बेतू शकतं. शिवाय लाळेबरोबर जेल काही मिनिटांत वाहून जातं, म्हणजे फायदाही नाही.

लाळेने हनुवटी आणि मानेच्या वळ्या लाल होतात. तिथे पुसायचं नाही, टिपायचं. लाळेरं ओलं झालं की लगेच बदला आणि झोपण्याआधी व्हॅसलीनचा पातळ थर लावा. झोपताना लाळेरं मात्र काढून ठेवा.

खरंच दुखत असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर पॅरासिटामॉल. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या बाळाला ८० ते १२० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान ४ तास हवेत आणि २४ तासांत ४ डोसांवर जायचं नाही. दोन मुलांच्या घरात चूक होते ती अशी: बाळाचे थेंब आणि थोरल्याचं सिरप शेजारी शेजारी असतं आणि दोन्हींत दर मिलिलिटरला औषधाचं प्रमाण वेगळं असतं. रात्री दोन वाजता बाटली बदलते. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, मोजायला त्याच खोक्यात आलेली सिरिंज वापरा आणि फ्रिजवर कागद लावा: कोणाला, किती, किती वाजता. नाहीतर आईने दिलेला डोस बाबा तासाभराने पुन्हा देतात.

एक गोष्ट ठामपणे लक्षात ठेवा. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, जुलाब लागले किंवा खोकला आला, तर ते दातांमुळे नाही. दाताने अंग फार तर किंचित कोमट लागतं. आईकडून मिळालेलं संरक्षण सहाव्या महिन्यानंतर कमी होत जातं, बाळ सापडेल ते तोंडात घालतं, आणि थोरलं बालवाडीतून सर्दी-खोकला घेऊन येतं. तिन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून दोष दातांवर जातो आणि डॉक्टरांकडे जायला उशीर होतो.

आता थोरल्याकडे. त्याची बारीक खेळणी हा दात येणाऱ्या बाळासाठी खरा धोका आहे. घरी तपासायची सोपी रीत म्हणजे टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते, ती बाळाच्या हाती लागता कामा नये. पण थोरल्याला सारखं ‘हे नको, ते नको’ म्हणून भागत नाही. त्यापेक्षा हद्द आखून द्या: ‘टेबलावरचं तुझं, जमिनीवरचं बाळाचं.’ मणी, ठोकळे, गोट्या झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि खुर्चीत बसूनच खेळायचं. चार वर्षांच्या मुलाला हा नियम कळतो, कारण त्यात त्याचा खेळही वाचतो. खेळ संपला की तुम्ही गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात फिरवा. उभ्याने मणी दिसत नाही. बटन सेल आणि लहान लोहचुंबक मात्र टेबलावरही नकोत. गिळलेला बटन सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठा.

थोरलं प्रेमाने आपला खाऊही भरवतं. समोर दोन दात दिसले की बाळ गाजराचा तुकडा तोडू शकतं, पण चावायला दाढा लागतात आणि त्या साधारण १३ ते १९ महिन्यांच्या दरम्यान येतात. तोडलेला तुकडा सरळ घशात जातो. अख्खं द्राक्ष, दाणे आणि कच्चं गाजर म्हणून नकोच. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. थोरल्याला त्याऐवजी दुसरं काम द्या: रुमालांचा डबा आणायचा, कोणता रुमाल द्यायचा ते ठरवायचं, लाळेरं निवडायचं. बाळाच्या तोंडात बोट घालायचं काम मात्र मोठ्यांचंच.

बाळ थोरल्याला चावलं तर आधी बाळाला बाजूला घ्या, पण जवळ थोरल्याला घ्या. कातडी फाटली असेल तर साबण-पाण्याने धुवा. ‘त्याला कळत नाही’ हे नंतर सांगा. आधी ‘दुखलं ना’ म्हणा. आणि रोज, त्या अवघड दोन तासांच्या आधी, पंधरा मिनिटं फक्त थोरल्याची ठेवा. फोन बाजूला, बाळ दुसऱ्याकडे किंवा झोपलेलं. रागलोभ कमी करायला याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही.

अंगावर पिताना चावलं तर झटक्याने ओढू नका, त्याने जखम होते. बाळाला उलट छातीशी जवळ घ्या. नाक किंचित दाबलं गेलं की ते तोंड उघडतं. किंवा ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवा. बाळ जोरात ओढत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवर असते, चावता येत नाही. चावणं बहुतेक पिणं संपत आल्यावर होतं. ओढणं मंदावलं की आधीच सोडवा.

पहिला दात दिसला त्या दिवसापासून ब्रश सुरू: मऊ ब्रश, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. तीन वर्षांवरच्या थोरल्याला वाटाण्याएवढी. दूध पिता पिता बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, दूध साचून दात किडतात. दोघांना एकाच वेळी आरशासमोर घ्या. थोरलं आधी स्वतः घासेल; मग तुम्ही त्याच्या मागे उभं राहून, हनुवटी हलकी वर धरून पुन्हा घासा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना एकट्याने नीट जमत नाही. बाळ ते बघत ब्रश चावत बसतं, आणि त्याचा नंबर आला की तोंड उघडतं.