पत्र्यावरचे दगड आधी खाली उतरवा

रोहिणी 25 मेच्या आसपास लागते, मृग 7-8 जूनला. हे पंधरा दिवस आणि त्याआधीचा वळवाचा महिना म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात वावधनाचा, म्हणजे वादळी वाऱ्याचा काळ. मृगबागेचे (आदल्या मृगात लावलेल्या केळीचे) घड नेमके याच वेळी कापणीला आलेले असतात, म्हणून सगळे विचारतात ते केळीचं: आधाराला बांबू किती लावू, झाडं बांधायला पट्टी कोणती आणू? घराचं कुणी विचारत नाही. म्हणून आज आधी घर.

शेतातलं घर असो, सालदाराची खोली असो की गोठा, वर चढून बघा. पत्र्यावर दगडांची रांग, जुने टायर, फुटका पाटा, अर्धं जातं. हे सगळं 'पत्रा उडू नये म्हणून'. भाऊ, हिशेब करा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी 100 किमीच्या वाऱ्यात चौरस मीटरला 45 किलोच्या आसपास जोर बसतो. दहा फुटी पत्रा अडीच चौरस मीटरचा धरला तरी ओढ शंभर किलोच्या पुढे, कडेला आणि कोपऱ्यात त्याहून जास्त. त्यावर तुमचे दहा-दहा किलोचे चार दगड! 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 100 किमीच्या पुढे होता. आपल्याकडे समुद्र नाही, पण वळवाचा एखादा झोत दहा मिनिटांत घराची तीच गत करून जातो.

पत्रा उडतो, दगड मात्र त्याच्याबरोबर जात नाही. तो जागच्या जागी खाली येतो, आणि खाली खाट असते. मी पाहिलेल्या जखमांत पत्र्याने कापल्याच्या कमी, दगड डोक्यात पडल्याच्याच जास्त. त्यात म्हातारी माणसं आणि पाळण्यातली लेकरं, कारण बाकीचे पळू शकतात.

मग पत्रा धरायचा कसा? हुकाने. दुकानात गेलात की रंगीत, जाड, 'वादळातही हलणार नाही' असा पत्रा दाखवतील. जाडी वाढवून वारा थांबत नाही. पत्रा सुटतो तो बहुतेक हुकाशी. आहे तोच पत्रा ठेवा, पैसे हुक आणि वायसरवर घाला. हुक उंचवट्यावर मारा, पन्हळीत मारला तर गळेल. मधल्या भागात एक-दोन उंचवटे सोडून चालेल. कडेच्या पाइपांवर आणि आढ्याजवळ एकही सोडू नका. जुने J आकाराचे हुक ताणाने उघडतात, तिथे U आकाराचा बोल्ट बरा. भिंतीच्या पुढे आलेला पत्रा दीड फुटाहून लांब नको, वारा तिथूनच हात घालतो.

पत्रा पाइपाला घट्ट, पण पाइप भिंतीवर नुसता टेकवलेला, असंही खूप दिसतं. मग अख्खं छप्पर पाइपांसकट जातं. पाइप भिंतीतल्या बीमला लोखंडी पट्टीने आवळा. भिंत मातीची असेल तर जाड तार छपरावरून घेऊन दोन्ही बाजूंना जमिनीत खोल गाडलेल्या खुंट्याला ताणा. उद्याच इशारा आला आणि हुकाला वेळ नसेल तरी हीच तार, दगड नाही.

वारा सुटल्यावर वाऱ्याकडची दारं-खिडक्या बंद. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो. घरात एक जरी स्लॅबची खोली किंवा जुनं धाबं (मातीचं सपाट छत) असेल तर सगळे तिथे. गुरांची दावी आधीच एका ओढीत सुटणाऱ्या गाठीची ठेवा. ऐन वादळात गोठ्यात जायचं नाही, निंबाखाली तर नाहीच. विजेसाठी मोबाइलवर दामिनी ॲप ठेवा. दुपारी तीनच्या सुमारास वारा एकदम पडला, पान हलेना आणि घाम सुटू लागला, की मी इशाऱ्याची वाट बघत नाही, खाटा आत घेतो. हा माझा अंदाज, हवामान खात्याचा नव्हे.

बागेचं थोडक्यात:
- निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) झाडांना बांबूची कैची, किंवा पट्टीने झाड झाडाला
- पश्चिमेला शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी
- तयार घड आधी कापा
- इशारा असेल त्या दिवशी भरपूर पाणी नको. ओल्या जमिनीतून झाड मुळासकट येतं (हाही अनुभवच)

वादळानंतर मोडलेली पानं काढून कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात फवारा. 'झाडाला शॉक बसलाय' म्हणत टॉनिकची बाटली पुढे केली तर घेऊ नका. पडलेलं झाड बाटलीने उभं राहत नाही. फोटो काढा, विमा असेल तर 72 तासांच्या आत कळवा, घराच्या पंचनाम्यासाठी तलाठ्यांना सांगा. तुटलेल्या तारेजवळ कुणालाही जाऊ देऊ नका.

दगड उतरवायचं काम सकाळी नऊच्या आत करा, नंतर पत्रा तापतो. गंजक्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, पाइपांवर फळी टाका. आणि दगड वरून फेकू नका, बादलीतून दोराने सोडा. खाली कोण उभं आहे ते वरून दिसत नाही.