गल्फमधनं गावाकडं पैसे पाठवताय? या चुका टाळा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची पोरं दुबई, मस्कत, दोह्याला जातात, उन्हातान्हात राबतात आणि घरी पैसे पाठवताना जे नुकसान करून घेतात ते बघून डोकं फिरतं. मी मस्कतला बरीच वर्षं काढली, आता गावातच असतो, आणि पगाराचा आठवडा आला की कुणाची तरी आई नाहीतर बायको पासबुक घेऊन दारात उभी, "दादा, या टायमाला पैसे कमी कसे आले ओ?"

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'झीरो फी'चा बोर्ड बघून आत शिरणं. अरे बाबांनो, एक्स्चेंजवाला, म्हणजे तिकडनं पैसे पाठवून देणारा दुकानदार, काय तुमचा मामा लागतो फुकट पैसे पाठवायला? फी घेत नाही म्हणजे रेटमध्ये काढतो. समजा बाजारात दुबईचा दिरहम 24 रुपये चाललाय आणि हा 23.70 देतोय, तर 3000 दिरहमचे घरी 71,100 पोचले. शेजारचा 20 दिरहम फी घेतो पण रेट 23.95 देतो, म्हणजे 2980 दिरहमचे 71,371. फी देऊन 271 रुपये जास्त! पण हेच 500 दिरहम पाठवले तर 20 ची फी म्हणजे सरळ 4 टक्के गेले, तिथं झीरो फीवाला बरा पडतो. म्हणून मी काउंटरवर फी पण विचारत नव्हतो आणि रेट पण नाही, एवढंच विचारायचो की माझ्या हातातनं एवढे जाणार, तिकडं खात्यात किती रुपये पडणार तो आकडा सांग. दोन-तीन ठिकाणी विचारायचं, कागदावर लिहायचं, झालं. यालाही पोरांना कंटाळा, म्हणे ॲपवर एका बोटात होतंय. होतंय की, कापून पण एका बोटातच घेतात.

दर आठवड्याला 500-500 पाठवू नका, महिन्याचे एकदम पाठवा.

दुसरी चूक आमच्या भागात जरा जास्तच, जुना आयएफएससी कोड, म्हणजे बँकेच्या शाखेचा ओळख नंबर. इकडं गावोगावी सिंडिकेट बँकेची खाती होती, ती बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरा बँकेत गेली आणि जुने कोड 1 जुलै 2021 पासून बंद. विजया बँक त्याआधीच बडोदा बँकेत गेलेली. मे 2025 मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण बँक पण कर्नाटक ग्रामीण बँकेत आली. पण घरात पासबुक तेच, प्लॅस्टिकच्या पिशवीत देवामागं ठेवलेलं. आमच्या गल्लीतलं एक पोरगं मस्कतला वेल्डर आहे, बहिणीची कॉलेजची फी भरायची म्हणून घाईत बापाच्या त्या पासबुकाचा फोटो मागवला, कोड बघून टाकला आणि पैसे सोडले. पैसे ना इकडं ना तिकडं. बाप रोज बँकेत, पोरगं रोज एक्स्चेंजच्या काउंटरवर, आणि फीची तारीख तोंडावर. शेवटी बापानं व्याजानं पैसे उचलले. मग रक्कम परत आली ती पण त्या दिवशीच्या रेटनं, आणि पाठवायची फी गेली ती गेलीच. नंतर पोरानं परत पाठवताना काय करावं? कोडचं पाचवं अक्षर कायम शून्य असतं, ह्यानं तिथं इंग्रजी ओ टाकला! नशीब, स्क्रीननंच घेतला नाही. घाई, दुसरं काय. त्यामुळं नवीन पासबुक नाहीतर चेकचाच फोटो मागवा, आणि नवीन खात्यावर पहिल्यांदा थोडेच पाठवून घरी फोन करा, पोचले म्हणाले की मग बाकीचे.

नावाचंही तेच. आधारवर शांताबाई, पासबुकात शांतव्वा, पाठवणारा लिहिणार शांता. खात्यात जमा करताना एखादवेळ चालून जाईल, पण रोख उचलायची असेल तर ओळखपत्रावरचं नाव आणि तुम्ही लिहिलेलं नाव जुळायलाच पाहिजे, नाहीतर म्हातारी खानापूरला बसनं जाऊन हात हलवत परत. आणि रोख 50,000 पर्यंतच मिळते, वरची रक्कम खात्यात नाहीतर चेकनंच.

रेट वाढेल म्हणून महिना-महिना थांबणारे वेगळेच शहाणे. दिरहम काय, ओमानी रियाल काय, दोन्ही डॉलरला बांधलेले, म्हणजे हलतो तो आपला रुपया, आणि त्याचं भाकीत रूममधल्या चहाच्या गप्पात होत नसतंय. 2000 दिरहमवर 10 पैसे म्हणजे 200 रुपये, त्यासाठी घरचे सोनं गहाण टाकून बसलेत. एवढं मात्र पाळा, शनिवार-रविवारी बाजार बंद असतो तेव्हा बरेचजण रेट जरा दाबूनच लावतात, त्यामुळं मी आठवड्याच्या मध्येच पाठवायचो.

क्रेडिट कार्डनं पाठवू नका, कॅश काढल्यासारखं व्याज लागू शकतं.

बँकेतनं डॉलर-युरो स्विफ्टनं, म्हणजे बँकेतनं परदेशी बँकेत पाठवायच्या पद्धतीनं, पाठवत असाल तर मधली बँक पण आपला वाटा कापू शकते, चार्ज कुणी भरायचा ते फॉर्मवर आधी बघा. इथं रुपये करताना जीएसटी लागतो, 50,000 ला 90 रुपये, त्यासाठी मॅनेजरशी भांडू नका. गल्फच्या एक्स्चेंजमधनं रुपयातच आले तर तो प्रश्नच नाही.

हुंडीवाला, म्हणजे बँक सोडून चोरवाटेनं पैसे पोचवणारा, रेट चांगला देतो, माहीत आहे. फेमा म्हणजे परदेशी पैशाच्या व्यवहाराचा कायदा, त्याखाली दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो, आणि उद्या प्लॉट घेताना पैसे कुठनं आले म्हणून विचारलं तर दाखवणार काय?

पावतीचा फोटो त्याच दिवशी घरी पाठवा. पैसे अडकले की बँकेत पहिला रेफरन्स नंबरच विचारतात.