घरच्या सगळ्यांना घेऊन डेट्रॉइट कसा खेळायचा

आधीच सांगते, मी काही गेमर वगैरे नाही. पण गेल्या थंडीत दादाने त्याचा पीसी हॉलमधल्या टीव्हीला लावला आणि चार रविवार आम्ही इंदूरला रामबागच्या घरात 'डेट्रॉइट: बिकम ह्यूमन' खेळलो. आजी, काका, काकू, आई, मी, दादा आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू भिया, एवढी मंडळी. तेव्हापासून मावशीपासून ऑफिसातल्या मैत्रिणीपर्यंत सगळे विचारतात की अगं आजी आणि व्हिडिओ गेम, हे जमलं कसं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅरिसच्या क्वांटिक ड्रीम नावाच्या कंपनीचा गेम आहे, २५ मे २०१८ ला पीएस४ वर (म्हणजे प्लेस्टेशन ४) आला, पीसीवर डिसेंबर २०१९ मध्ये एपिकवर आणि जून २०२० मध्ये स्टीमवर, ही दोन्ही गेमची ऑनलाइन दुकानं. गोष्ट २०३८ सालच्या डेट्रॉइट शहरात घडते, जिथे माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड घरकाम करतात, म्हाताऱ्यांना सांभाळतात, दुकानं चालवतात, आणि मग त्यातल्या काहींना वाटायला लागतं की आपण कुणाचे नोकर का. तुम्ही तिघांना आळीपाळीने चालवता: कॉनर, जो पोलिसांना मदत करतो, कारा, जी एका घरात मोलकरणीचं काम करते, आणि मार्कस, जो एका म्हाताऱ्या चित्रकाराची देखभाल करतो. गोळीबाराचा गेम नाही हा, बघायचं, बोलायचं आणि निर्णय घ्यायचे. तुमच्या निर्णयाने माणसं मरतात, तुमची तिघंही मरू शकतात आणि गोष्ट तरीही पुढे चालूच राहते. हे शेवटचं वाक्य घरच्यांना सुरुवातीलाच सांगा, आम्ही सांगितलं नव्हतं आणि मग काकू दोन दिवस दादाशी बोलल्या नाहीत.

पीसीचं बघून घ्या. साधारण ५५ जीबी जागा लागते, रॅम कमीत कमी ८ जीबी, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ७८० च्या तोडीचं तरी हवं, चांगलं दिसायला जीटीएक्स १०६०. ऑफिसच्या लॅपटॉपवर चालेल का असं भियांनी विचारलं होतं, नाही चालणार भिया. पहिल्यांदा चालू केला की शेडर (चित्र रंगवायला लागणाऱ्या फायली) तयार करतो म्हणून बराच वेळ नुसती पट्टी सरकत राहते, तो हँग झालेला नसतो, बंद करू नका. आम्ही ते आदल्या रात्री करून ठेवलं, नाहीतर सकाळी पोहे-जलेबी संपेपर्यंत सगळे पट्टीच बघत बसले असते आणि काका उठून सरळ राजवाड्याला निघून गेले असते. पैसे घालण्याआधी पहिल्या चॅप्टरचा फुकट डेमो लावून बघा, आपल्या पीसीवर पळतो का आणि घरच्यांना रस आहे का, दोन्ही कळतं.

कंट्रोलर (दोन्ही हातांत धरायचा, बटणांचा) घ्याच. कीबोर्ड-माउसने होतं, पण मध्येच धावपळीचे प्रसंग येतात आणि स्क्रीनवर जे बटण दिसेल ते पटकन दाबायचं असतं, तिथे कीबोर्डवर बोटं शोधेपर्यंत काम तमाम. आणि सेटिंगमध्ये दोन लेव्हल आहेत, कॅज्युअल आणि एक्सपीरियन्स्ड, तर घरच्यांबरोबर कॅज्युअलच ठेवा, त्यात बटणं सोपी असतात आणि पात्रं उगाच मरत नाहीत. दादाने शायनिंग मारायला दुसरी लेव्हल ठेवली होती, पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून बदलायला लावली.

आता मुख्य गोष्ट, माणसं कशी वाटायची. सगळ्यांनी मिळून सगळे निर्णय घ्यायचे असं ठरवाल तर गेम चालणारच नाही, कारण बऱ्याच निर्णयांना टायमर असतो आणि आपल्या घरात चहात साखर किती यावरसुद्धा पाच मिनिटं चर्चा होते. म्हणून एकेका पात्राचा एकेक मालक ठरवा. आमच्यात कारा आजीची, मार्कस काकांचा, कॉनर माझा. कंट्रोलर कायम दादाच्या हातात, तो फक्त सांगकाम्या. बाकीच्यांना आरडाओरडा करायची पूर्ण मुभा पण शेवटचा शब्द मालकाचा. फारच अडलं तर पर्याय मोठ्याने वाचून घ्या आणि लगेच पॉज दाबा, टायमर थांबतो.

भाषेची अडचण येणार. संवाद इंग्रजीत, सबटायटल इंग्रजीत, मराठी-हिंदी काही नाही. त्यामुळे एक दुभाष्या लागतो, आणि तो असा हवा जो शब्दाला शब्द लावत बसत नाही. मी सुरुवातीला प्रत्येक वाक्य सांगायला गेले तर आजी म्हणाली, अगं तोंडं दिसतायत ना, कोण चिडलंय ते कळतंय मला, तू फक्त काय विचारतायत तेवढं सांग. आणि खरंच, नटांनी काम इतकं छान केलंय की (सगळं खऱ्या माणसांच्या हालचाली आणि चेहरे टिपून केलंय) अर्धं भाषांतर लागतच नाही. कॉनरचा ब्रायन डिचार्ट, काराची व्हॅलरी करी, मार्कसचा जेसी विल्यम्स, आणि कॉनरबरोबर फिरणारा तो खडूस दारुडा लेफ्टनंट हँक म्हणजे क्लॅन्सी ब्राउन. आजी सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं वर्षानुवर्षं बघत आलीये, तिला नटाची पारख आहे, हँक पडद्यावर आल्याबरोबर म्हणाली हा मुरलेला आहे.

पहिला चॅप्टर लावलात की घाई करू नका. तारीख दिसते १५ ऑगस्ट २०३८, आमच्याकडे लगेच झेंडावंदनाचे विनोद झाले, पण पुढे गोष्ट गुलामी आणि स्वातंत्र्यावर गेली तेव्हा काकांना ती तारीख पुन्हा आठवली. तर एका अँड्रॉइडने छोट्या मुलीला ओलीस धरलंय आणि कॉनरला बोलणी करायला पाठवलंय. आत शिरताच फुटलेल्या टाकीतला एक मासा जमिनीवर तडफडताना दिसतो. मी सरळ पुढे निघाले होते, मुलीचा जीव टांगणीला लागलाय म्हणून, तर आजी ओरडली, अगं मासा! परत गेलो, मासा टाकीत सोडला, आणि कोपऱ्यात काहीतरी सूचना आली की सॉफ्टवेअरची अस्थिरता वाढली. ही सूचना लक्षात ठेवा, कॉनरच्या बाबतीत ती पुढे फार महत्त्वाची आहे, एवढंच सांगते. मग घरभर फिरा, एक बटण दाबून धरलं की वेळ थांबते आणि बघण्यासारख्या जागा दिसतात, जेवढं शोधाल तेवढा यशाचा टक्का वाढतो आणि बोलताना नवीन पर्याय उघडतात. हे पूर्ण गेमला लागू आहे, हँकचं टेबल असो की घर, सगळीकडे नाक खुपसा.

चॅप्टर संपला की एक नकाशा येतो, फांद्याफांद्यांचा, तुम्ही कुठल्या रस्त्याने गेलात आणि किती रस्ते तसेच राहिले ते दाखवणारा, शिवाय इंटरनेट चालू असेल तर जगातल्या किती टक्के लोकांनी तेच केलं तेही. घरच्यांना गेमपेक्षा हाच भाग आवडतो हे लिहून घ्या. आणि इथेच मोह होतो की चल परत खेळू, ती फांदी बघू. नाही. पहिल्या फेरीत मागे जायचं नाही, कुणी मेलं तर मेलं. आमच्या खेळात एक पात्र गेलं (कोण ते सांगत नाही), काकूंनी हट्ट धरला की परत लाव, दादा लावायलाही निघाला होता, आजीने अडवलं. त्यानंतरच्या रविवारी सगळे ज्या गंभीरपणे निर्णय घ्यायला लागले तसे आमच्या घरात जमिनीच्या वाटण्या करतानासुद्धा घेतले नव्हते.

मध्येच लाइट गेली तर घाबरू नका, गेम आपोआप सेव्ह होत असतो, फार तर थोडा भाग परत खेळावा लागतो. हाताने सेव्ह करायची सोयच नाही, तेच बरं आहे.

काय कुणासमोर खेळायचं याचा विचार करा. गेम मोठ्यांसाठीच आहे, युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे, तेव्हा लहान मुलं घरात नकोत. काराच्या कथेत सुरुवातीलाच वादळी रात्रीचा एक चॅप्टर आहे, त्यात बाप मुलीला मारायला जातो, आणि २०१७ मध्ये पॅरिसच्या गेमिंग शोमध्ये याच प्रसंगाचा ट्रेलर दाखवला तेव्हा बराच वाद झाला होता की मुलांवरचा अत्याचार करमणूक म्हणून दाखवताय का. आम्ही आजीला आधी सांगितलं होतं, तिने तरी खेळायचं ठरवलं. त्या चॅप्टरमध्ये काराला हुकूम मिळतो की हलायचं नाही, आणि हातावर हात ठेवून बसणं हासुद्धा एक निर्णयच धरला जातो, तेव्हा मालकाने सावध राहावं. दुसरा एक चॅप्टर इडन क्लब नावाचा, तो दादाने आजी खजराना गणपतीला गेली तेव्हा उरकून घेतला. मालक मी होते म्हणून मला बसावं लागलं, भाऊ-बहिणीने शेजारी बसून बघण्यासारखा नाहीच तो.

आता रिव्ह्यूंबद्दल. गेम पूर्ण होईपर्यंत एकही वाचू नका, बघू नका. मी दुसऱ्या आठवड्यात एक व्हिडिओ लावला आणि त्या माणसाने पहिल्या दोन मिनिटांतच शेवटचं मोठं गुपित फोडलं, मग मी दोन रविवार तोंड दाबून बसले. संपल्यावर मात्र जरूर वाचा, कारण मतं फारच फाटलेली आहेत. मेटाक्रिटिकवर (सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढणारी साइट) पीएस४ च्या गेमला शंभरात ७८ च्या आसपास, म्हणजे चांगला पण डोक्यावर घेतलेला नाही, आणि खेळणाऱ्यांनी मात्र लाखोंनी घेतला. ग्राफिक्स, अभिनय आणि त्या फांद्यांच्या नकाशाचं बहुतेकांनी कौतुक केलंय. संगीताचंही करायला हवं, तिघांना तीन वेगळे संगीतकार आहेत, काराच्या वेळचा चेलो ऐकून काकूंचे डोळे दर वेळी भरून यायचे. टीका मुख्य आहे ती लिखाणावर, की अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्याची नक्कल केलीये आणि तीही ढोबळ, बसमध्ये अँड्रॉइडना मागे वेगळा कप्पा, मोर्चे, घोषणा, सगळं हातोडा मारल्यासारखं.

मला विचाराल तर टीका मार्कसच्या बाबतीत बरोबर आहे. त्याचे संवाद भाषणासारखे येतात, काका मालक होते तरी त्यांनाही तिसऱ्या रविवारी कंटाळा आला. कॉनर आणि हँकच्या बाबतीत ती अजिबात लागू नाही, गेममधलं सगळ्यात खरं तेच आहे (आणि हँकचा सुमो नावाचा कुत्रा). पण आमच्या घरात गेम वेगळाच वाचला गेला. मार्कस रंग आणायला दुकानात जातो, परत येताना काही लोक त्याला धक्काबुक्की करतात, की तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या. रिव्ह्यूवाले या लोकांना सरळ खलनायक धरतात. काका मात्र एकदम गप्प झाले आणि म्हणाले, हे हुकुमचंदचे लोक आहेत. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांचे पैसे मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं, त्यात आजोबांचे दोन मित्र वाट बघताबघता गेले. म्हणजे मिल काही रोबोटमुळे बंद पडली नव्हती, पण दारात उभं राहून चिडलेला माणूस काकांनी लहानपणी पाहिलाय. त्यानंतर ते मार्कसचे निर्णय घेताना सारखे म्हणायचे, त्या बिचाऱ्यांनाही मारू नको. आणि डेट्रॉइटही मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेलं आणि नंतर मोडलेलं शहर, २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळं काढलं होतं, तेव्हा जागा काही उगाच निवडलेली नाही.

आजीचं वेगळंच. कारा भांडी घासते, कपडे धुते, कचरा उचलते, आणि हे सगळं तुम्हालाच बटणं दाबून करावं लागतं. आई म्हणाली, घरी कधी एक ताट उचललं नाही आणि इथे कशी मन लावून भांडी घासतोय बघा. सगळे हसले, आजी हसली नाही. आमच्या मावशी (घरकामाच्या) तेव्हाच ओट्याजवळ उभ्या राहून चहा पीत होत्या, आजी म्हणाली, अगं इकडे येऊन बस की, बघ हिचं काय चाललंय. पुढचे दोन रविवार त्याही बसल्या, आणि काराचे निर्णय आजी त्यांना विचारून घ्यायला लागली. म्हणून माझं ऐका, घरात जे कुणी असेल त्याला बसवा.

एक बारीक गोष्ट. मेन्यूवर क्लोई नावाची अँड्रॉइड असते, ती अधूनमधून तुम्हाला प्रश्न विचारते, तिला नुसतं स्किप करू नका, उत्तरं द्या, शेवटी तिचं एक काम असतं.

पूर्ण गेम दहा-बारा तासांचा आहे, रविवारी तीन-साडेतीन तास धरा, त्याहून जास्त झालं तर मोठ्यांच्या कंबरा धरतात. खायला कोरडं ठेवा, आम्ही गराडू (तळलेला कंद) केले आणि त्यावरचं जीरावन (मसाला) कंट्रोलरच्या खाचेत गेलं ते अजून निघत नाहीये. सगळं संपलं की मगच चॅप्टर निवडून राहिलेल्या फांद्या बघा, तेव्हा सेव्ह करायचं की नाही असं विचारतो, नाही म्हणा, म्हणजे तुमची मूळ गोष्ट तशीच राहते. मी कॉनरच्या बऱ्याच बघून झाल्या. काकांनी मार्कसला अजून हात लावलेला नाही, म्हणतात पुढच्या थंडीत बघू.