चर्चच्या मंडळीतल्या कुणाला थोड्या दिवसांच्या मिशनसाठी, म्हणजे सेवाकार्यासाठी, परदेशी पाठवायचंय? मग क्रम असा ठेवा

आपल्याकडे होतं काय, की तरुण संघातला एखादा मुलगा किंवा सिव्हिलमधल्या एखाद्या सिस्टर उपासनेत उभ्या राहून साक्ष देतात की प्रभूने मला आफ्रिकेचं ओझं, म्हणजे तिथे सेवेला जायची ओढ, दिलंय, सगळे आमेन म्हणतात, कुणीतरी तिथल्या तिथे पाच हजार जाहीर करतं आणि संध्याकाळी मोबाईलवर तिकिटांचे रेट बघणं सुरू. ज्यांच्याकडे जायचंय त्यांना अजून कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आधी क्रम पक्का करा. पहिलं तिकडच्या मंडळीचं पत्र, मग कमिटीचा ठराव, मग पैसा, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की गाडी अडतेच. उदाहरणाला केनिया घेऊ, कारण मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, इंग्रजीवर निभतं आणि खर्च युरोप-अमेरिकेइतका नाही. समजा किसुमूकडच्या, म्हणजे व्हिक्टोरिया तलावाच्या बाजूच्या एखाद्या मंडळीत दोन-तीन आठवडे जायचंय.

१. तिकडचं पत्र

फोनवरचं "या या, यू आर वेलकम" हे पत्र नव्हे. लेटरहेडवर लिहून मागवा: कोणत्या तारखा, नेमकं काय काम, राहणार कुठे, जेवणखाण कोणाकडे, एअरपोर्टवर घ्यायला कोण येणार, त्यांचा नंबर, आणि कोणता खर्च ते करणार व कोणता आपण. काम काय ते मोघम विचारलंत तर ते सौजन्याने म्हणतील काहीही चालेल, तेव्हा नेमकं विचारा. संडे स्कूलच्या शिक्षकांना ट्रेनिंग हवंय का, हिशेब लिहायला शिकवणारं कुणी हवंय का, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हवाय का? भिंती रंगवायला इथून माणूस पाठवू नका हो, पेंटर तिकडेही मिळतो आणि त्या बिचाऱ्याला रोजगार हवा असतो. नर्सिंगचं काम असेल तर आपलं इथलं रजिस्ट्रेशन तिकडे चालत नाही, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते, ती काढून द्यायला यजमानांनाच सांगा.

तारखांचं एक बघा. आपले शिक्षक लोक मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हणतात, पण केनियात मार्च ते मे मोठा पाऊस असतो, गावाकडचे रस्ते चिखलाचे, आणि मे महिन्यात तिकडच्या शाळा भरलेल्या असतात. मुलांच्या सुट्टीतलं काम असेल तर ऑगस्ट बरा. मग इथे रजेचं बघावं लागतं, त्याला इलाज नाही.

देश निवडताना कायदाही बघायचा. नेपाळ जवळ आहे, व्हिसा लागत नाही म्हणून बरेच जण तिकडेच वळतात, पण नेपाळच्या २०१५ च्या घटनेने दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घातलीय आणि तिथल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेरही काढतात. सुवार्तेची, म्हणजे ख्रिस्ती प्रचाराची, पत्रकं बॅगेत भरून पोखऱ्याला निघालेल्या पोराला हे कुणीतरी आधी सांगायला हवं.

२. कमिटीचा ठराव

पत्र आलं की ते पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीपुढे, ठेवा. कोण जाणार, का, किती दिवस, मंडळी किती पैसे देणार, उरलेले जाणाऱ्याने कुठून आणायचे, आजारी पडला तर परत आणायचा खर्च कुणाचा, हे सगळं मिनिट्समध्ये लिहा आणि सह्या घ्या. सेक्रेटरींचा भाचा आहे म्हणून नाव पुढे, असं होऊ देऊ नका, लोक तोंडावर बोलत नाहीत पण पुढच्या रविवारी दानाची थैली बोलते.

जाणारी व्यक्ती सरकारी नोकरीत असेल तर दोन गोष्टी. एक, परदेश प्रवासासाठी खात्याची परवानगी. दुसरी गोष्ट फार जणांना माहीतच नसते: तिकडची मंडळी फुकट राहायला-जेवायला देणार असेल तर कायद्याच्या भाषेत ते परदेशी आदरातिथ्य होतं, आणि सरकारी नोकर किंवा सरकारच्या ताब्यातल्या महामंडळाचे कर्मचारी यांना त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या आणि आदरातिथ्यावरच्या कायद्याखाली केंद्राच्या गृहखात्याची पूर्वपरवानगी लागते. फॉर्म एफसी-२, ऑनलाइन भरतात. निघायच्या आठवड्यात भरून काही उपयोग नाही, तारखा ठरल्या की लगेच भरा.

३. पैसा, आणि इथेच सगळे अडकतात

आधी अंदाजपत्रक. मुंबई-नैरोबी जाऊन-येऊन तिकीट सिझनप्रमाणे बऱ्याचदा ४० ते ६० हजारांच्या घरात जातं, त्यात किसुमूपर्यंतचा प्रवास, इन्शुरन्स, लस, परवान्याची फी, रोजचा हातखर्च आणि यजमानांना राहण्या-जेवण्याचे द्यायचे पैसे धरा. ते नको म्हणाले तरी धरा. तीन आठवडे एका माणसाला दोन्ही वेळ जेवू घालणं त्यांच्यावर भार आहे, आपल्यावर असतो तसाच. वर थोडी रक्कम अडीअडचणीला.

आता पैसे कोणाच्या खात्यात? सोपं वाटतं की जाणाऱ्याच्याच गुगल पेवर टाका. पण नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली भेट एकूण ५०,००० च्या वर गेली की वरची तेवढी नाही, सगळीच रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाते. आईवडील, सख्खी भावंडं, मामा-मावशी, काका-आत्या यांनी दिलेले पैसे यात मोजत नाहीत, पण मावस-चुलत भावंडं मोजली जातात, आणि मंडळीतले बंधुभगिनी तर मोजले जातातच. कायद्याला ख्रिस्तातलं भावाबहिणीचं नातं कळत नाही, काय करणार.

मग चर्चच्या ट्रस्टमधून द्यावं म्हटलं, तर त्याचीही गंमत आहे. आपली बहुतेक चर्चेस महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, त्यामुळे आधी ट्रस्टच्या घटनेत असा खर्च बसतो का ते काढून वाचा. शिवाय आयकरातली ट्रस्टची सूट मुळात भारतात केलेल्या खर्चाला आहे, भारताबाहेर केलेल्या खर्चाला वेगळी मंजुरी लागते. तिकीट इथे काढलं तर काय आणि तिकडच्या मंडळीला रक्कम पाठवली तर काय, हे तुमच्या सीएला लेखी विचारा, ऑडिटच्या वेळी नाही, आत्ता. रिझर्व्ह बँकेची वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवायची जी सोय आहे ती फक्त व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टला ती वापरता येत नाही.

आणि अमेरिकेतले मामा. प्रत्येक मंडळीत कुणाचे तरी असतातच, त्यांना कळलं की म्हणतात मी चर्चच्या खात्यात पाचशे डॉलर टाकतो. थांबा! मामांकडे अजून भारताचा पासपोर्ट असेल आणि ते स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील तर तो परदेशी पैसा धरत नाहीत. पण त्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ते परदेशी स्रोत झाले, आणि चर्चचं एफसीआरए रजिस्ट्रेशन नसेल तर तो पैसा चर्चच्या खात्यात घ्यायचाच नाही. सख्खे मामा सरळ भाच्याला वैयक्तिक भेट देतो म्हणाले तरी ते चालतं का, हे आधी सीएला विचारा.

गोळा करायचे मार्ग आपले नेहमीचेच. महिला मंडळाचा खाऊचा स्टॉल, तरुण संघाची गाडी धुण्याची मोहीम, आणि सगळ्यात भारी हार्वेस्टचा, म्हणजे चर्चमधल्या सुगीच्या सणाचा लिलाव. लिलावात सहा अंड्यांची टोपली पन्नास रुपयांपासून सुरू होते, लिलाव पुकारणारे काका दोन घराण्यांची जुनी चुरस बरोबर ओळखून "अहो, तुमचे व्याही शंभरावर गेले" करत करत ती हजारावर नेतात, आणि ज्याने घेतली तो ती पुन्हा लिलावाला ठेवतो. फक्त हा पैसा कशासाठी ते पुकारायच्या आधी जाहीर करा आणि पावती त्याच नावाने फाडा. सामान्य फंडात मिसळलेला पैसा नंतर वेगळा काढताना भांडणं होतात.

४. कागद आणि लस

पासपोर्ट पोचायच्या तारखेपासून पुढे सहा महिने तरी चालू हवा. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे आधी काढायची प्रवासपरवानगी, आणलंय, ऑनलाइन भरायचं, फी तीसेक डॉलर. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइट बऱ्याच आहेत, त्या दुप्पट-तिप्पट घेतात, पत्त्याच्या शेवटी "डॉट जीओ डॉट केई" आहे ना ते बघा. फॉर्ममध्ये टूरिस्ट लिहायचं आणि तिकडे जाऊन रोज शिकवायचं, असलं करू नका. केनियात धार्मिक आणि सेवाकार्यासाठी वेगळं परमिट आहे, थोड्या दिवसांसाठी स्पेशल पासही असतो, आपल्या कामाला काय लागेल ते यजमान मंडळीने तिथल्या इमिग्रेशनला विचारून कळवायचं. आणि परवान्याची कटकट काही आजची नाही, १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारनेही त्यांना परत पाठवायचा घाट घातला होताच.

यलो फीव्हरची लस विसरू नका. केनियाहून परत येताना मुंबईला कार्ड दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून आदल्या दिवशी घेऊन चालत नाही, मात्र एकदा घेतली की जन्मभर पुरते. ही कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते, मुंबईत जे. जे. ला आहे. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. किसुमूकडे मलेरिया आहे, त्याच्या प्रतिबंधक गोळ्याही त्यांनाच विचारून.

बॅग भरताना: केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा काकूंनी प्रेमाने चिवडा-लाडू कॅरीबॅगमध्ये बांधले असतील तर डब्यात काढा. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या मागून घ्या, जुन्या किंवा फाटक्या नोटा तिकडे घेत नाहीत. रोख परकीय चलन ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, पण एवढं कशाला न्यायचं, फॉरेक्स कार्ड घ्या.

५. पाठवणी, आणि तिकडे असताना

निघायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुढे बोलावून हात ठेवून प्रार्थना करावी. भाषणं कमी. घरी आईवडील म्हातारे असतील तर त्यांची औषधं, बँकेची कामं कोण बघणार तेही त्याच दिवशी ठरवून टाका, मंडळीने पाठवायचं म्हणजे यातही हात लावायचा.

उपासनेत व्हिडिओ कॉल करायची हौस सगळ्यांना असते. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे, आपली नऊची उपासना म्हणजे तिकडे साडेसहा, बिचारा तोंड धुवून तरी बसला असेल का बघा. आणि तिकडच्या लेकरांचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं बंद. आपल्या संडे स्कूलच्या पोरांचे फोटो कुणी परक्याने त्यांच्या गरिबीवर दोन ओळी लिहून फिरवले तर आपण त्याला चर्चच्या गेटबाहेर काढू.

६. परत आल्यावर

महिन्याच्या आत हिशेब. प्रत्येक पावती, आणि जिथे पावती मिळत नाही, म्हणजे मटाटू नावाच्या तिकडच्या वडाप गाड्या वगैरे, तिथे तारीख घालून वहीत लिहिलेली नोंद. उरलेले रुपये कुठे जाणार ते ठरावात आधीच लिहिलेलं असलं की वाद होत नाही. उरलेल्या डॉलरपैकी २,००० पर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत बँकेत परत करावे लागतात, पण मंडळीचे असतील तर सगळेच परत करून पावती ट्रेझररकडे द्या. साक्षीचा कार्यक्रम ठेवा, पण त्याआधी पाळकसाहेबांनी तिकडच्या पाळकांना स्वतः फोन लावावा, जाणारा शेजारी बसलेला नसताना, आणि विचारावं की आमच्या माणसाचा तुम्हाला खरंच उपयोग झाला का, पुढच्या वर्षी माणूस पाठवू की त्याच पैशात तुमच्याच कुणाचं ट्रेनिंग होईल. ते जे सांगतील ते कमिटीच्या पुढच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहून ठेवा.