ओढ्याचं पाणी आणि त्यातले जीव तपासताना या चुका टाळा

निष्कर्ष विचित्र आले की पहिला संशय प्रयोगशाळेवर जातो. बहुतेक वेळा घोळ त्याआधीच, काठावर झालेला असतो.

सगळ्यात महाग पडते ती घड्याळाची चूक. शेवाळ माजलेल्या ओढ्यात भर दुपारी विरघळलेला ऑक्सिजन लिटरला १२ मिलिग्रॅम भरला की मंडळी खूश होतात. पण २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतून जेमतेम ९ मावतो, ३० अंशांना साडेसात. वरचा सगळा शेवाळाने उन्हात सोडलेला. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन खातं, म्हणून उजाडण्याआधी तिथेच आकडा ३ वर आलेला दिसू शकतो. मासे गुदमरतात ते तेव्हा. वरच्या अंगाचं ठिकाण सकाळी सातला आणि खालचं दुपारी दोनला मोजलंत, तर तुलना ठिकाणांची न होता वेळांची होते. पहाटे जाणं जमत नसेल तर निदान प्रत्येक ठिकाणाची वेळ दर फेरीला तीच ठेवा. तापमान लिहिल्याशिवाय ऑक्सिजनचा आकडा लिहूच नका.

बाटल्यांचं थोडक्यात: रासायनिक तपासणीची साधी बाटली ओढ्याच्या पाण्याने तीनदा विसळा, जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली अजिबात विसळू नका. आपण खालच्या अंगाला उभं राहायचं आणि बाटलीचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे धरायचं, नाहीतर आपल्याच पायांनी उठवलेला गाळ भरून आणाल.

बाटली त्या क्षणाचं सांगते, तळाचे किडे गेल्या काही महिन्यांचं. म्हणून तिथली चूक जास्त दिशाभूल करते. एका ठिकाणी खळाळत्या दगडगोट्यांत जाळी लावली आणि दुसऱ्या ठिकाणी डोहात, तर डोहातला ओढा ‘आजारी’ दिसणारच. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्यांना बहुधा वाहतं, ऑक्सिजनयुक्त पाणी लागतं. पूर ओसरल्या ओसरल्याही जाऊ नका, तळ धुऊन निघालेला असतो.

ट्रेमध्ये घाई नको. जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेत ओतून पाणी निवळलं की आधी नुसता काडीकचराच दिसतो. दोन मिनिटं हात न लावता बघत राहा. वाळूच्या कणांची एक नळकांडी हळूच सरकू लागते, टोकातून सहा पाय बाहेर येतात. ती कॅडिसफ्लाय या कीटकाची अळी, नळकांडी हे तिचं घर. घाईत ती कचऱ्याबरोबर फेकली जाते. लाल अळ्या दिसल्या म्हणून लगेच ‘प्रदूषित’ असा शिक्काही मारू नका. हिमोग्लोबिनमुळे त्या कमी ऑक्सिजनमध्ये तगतात, पण बऱ्या पाण्यातही असतात. त्यांच्याशिवाय दुसरं काहीच सापडत नाही, तेव्हा काळजी करा.

गुण मोजताना नुसती बेरीज फसवते. बीएमडब्ल्यूपी या, तळाच्या किड्यांवरून पाण्याला गुण देणाऱ्या पद्धतीत सापडलेल्या प्रत्येक कुळाला (जवळच्या जातींच्या गटाला) १ ते १० गुण मिळतात, त्यामुळे जास्त वेळ जाळी चालवली की कुळं वाढतात आणि बेरीजही वाढते. बेरजेला कुळांच्या संख्येने भागा, सरासरीवर मेहनतीचा परिणाम बराच कमी होतो. जाळी चालवण्याचा वेळही सगळीकडे सारखाच ठेवा.

एकदा मी बरणी किड्यांनी आणि पाल्याने गच्च भरून वर अल्कोहोल ओतलं आणि निर्धास्त झालो. आतल्या पाण्याने अल्कोहोल पातळ झालं, आठवड्याने झाकण उघडलं तर नुसता लगदा आणि वास. आता दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलतोच.

आणि पाण्याचे आकडे स्वच्छ पण किडे गायब, असं आलं तर? किड्यांचा नमुना रद्द करू नका. दगड उलटून खालच्या फटी गाळाने बुजल्यात का बघा, मधल्या काळात ओढा आटला होता का विचारा, आणि रात्री कोणी सांडपाणी सोडतं का हे कळायला आपोआप नोंद घेणारा मीटर सलग काही दिवस पाण्यात ठेवा.